मार्चात येतंय

यार्डाच्या मागच्या भिंतीला, सावलीच्या बाजूला, एक लाकडी खोका आहे. त्यात काचेच्या लहान बाटल्या उभ्या आहेत. प्रत्येकीत चार बोटं पेट्रोल, झाकण घट्ट लावलेलं आणि गळ्याला कापडाची चिंधी बांधलेली. कुठे हिरवी, कुठे पट्ट्यापट्ट्यांची, एक जुन्या फुलाफुलांच्या चादरीची. एखादी सोडली तर कोणती चिंधी कोणत्या होडीची, हे फक्त हसनचाचांना ठाऊक होतं. आता होड्या समुद्रावर गेल्या आहेत, बाटल्यांचं काम संपलं आहे, आणि हसनचाचाही नाहीत. तो खोका उचलायचं कोणाला सुचलेलं नाही. मीही उचललेला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिथवर जाते, बघते आणि परत येऊन बिलं करायला बसते.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल, असं घरचे म्हणतात. तोवर जसं आठवतं तसं लिहून ठेवते आहे.

आमचं यार्ड मीना अब्दुल्लाच्या कारखान्यांच्या भागात आहे. लोकांच्या होड्या सांभाळायच्या, हे काम. उन्हाळ्यात सगळं कुवेत पाण्यावर असतं. डिसेंबर आला की समुद्र गार पडतो, वारा बोचायला लागतो, लोक तंबू घेऊन वाळवंटात जातात आणि त्यांच्या होड्या ट्रेलरवर चढून आमच्याकडे येतात. मार्चपर्यंत त्या ओळीनं ताडपत्रीखाली पडून असतात. मी तिथे ऑफिसात हिशेबाचं बघते. मिरजेला शाळेत मराठी शिकवत होते, लग्नानंतर इकडे आले, आणि मिळाली ती नोकरी धरली. जेवताना पुस्तक वाचायची सवय तेवढी राहिली. त्यावरून हसनचाचांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं. "मास्तरीणबाई, त्या बुकात होड्यांचा काय लिवलंय का?" असं ते खिडकीतून विचारत. नाही म्हटलं की म्हणत, "मंग कशाला वाचताव?"

हसन तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. ठेंगणे, रुंद पावलांचे, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. कुवेतच्या उन्हातसुद्धा. विचारलं तर म्हणत, "वारा कानातनं शिरतो. इंजिनात पानी आनि कानात वारा, दोनी वाईट." हातात कायम एक कापड असे. बोलताना ते त्याची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत. कोणी मोठ्यानं बोलायला लागलं की घडी अगदी बारीक होत जाई.

त्यांचं काम होड्या झोपवायचं. हा त्यांचाच शब्द. इंग्रजीत आम्ही बिलावर काही वेगळं लिहीत होतो, पण यार्डात सगळे, अगदी इजिप्तचा फोरमन रमझीसुद्धा, हसनची होडी 'नाम' झाली का, असंच विचारत. नाम म्हणजे अरबीत झोपली. झोपवायची एक रीत होती, आणि ती कधी बदलली नाही. आधी टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध ओतायचं. मग टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरायची. मग इंजिनाला नळीनं गोडं पाणी जोडून ते चालवायचं, म्हणजे औषधाचं पेट्रोल आतल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतं. शेवटी तेलाचा फवारा, बॅटरी बाहेर, आणि बुडाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे दव आत साचत नाही.

टाकी भरण्यावरून गिऱ्हाइकं दरवर्षी हटकत. जी होडी चालवायचीच नाही तिच्यात पेट्रोल कशाला? चाचा घडी घालत म्हणत, "रिकामी टाकी रातीला घामेजते. घाम उतरून तळाला बसतो. मार्चात ती खोकत उटली तर मला बोलू नका." गिऱ्हाइकाला पटलं नाही तर ते खरंच टाकी रिकामी ठेवत, आणि त्या होडीची बाटली भरत नसत. खोक्यात तिची जागा मोकळी राही. ते बघून बहुतेक लोक दोन दिवसांत परत येत.

भरलेल्या प्रत्येक टाकीतलं थोडं पेट्रोल ते बाटलीत काढून ठेवत. बाटलीत जे होईल तेच टाकीत होणार, हा हिशेब. आणि मार्चमध्ये एकेक बाटली उघडून ते हुंगत. त्या नाकासाठी त्यांचा वेगळाच परहेज असे. डिसेंबर लागला की कच्चा कांदा बंद. शुक्रवारच्या नमाजाला अत्तर बंद. सगळा हिवाळा ते असे बिनवासाचे फिरत, आणि मार्चची शेवटची होडी उठली की त्या दिवशी अख्खा कांदा मुठीनं फोडून डाळीबरोबर खात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले की अत्तरानं खोली भरून जाई.

झोपवून झालं की ते होडीच्या पुढच्या टोकावर दोनदा बोटं वाजवत. "झोप. मार्चात येतंय मी." लाजत नसत, कोणी ऐकतंय का बघतही नसत. माझी मुलगी एकदा सुट्टीत माझ्याबरोबर आली होती. तिनं ते ऐकलं आणि मला विचारलं, "मम्मा, इज ही टॉकिंग टू द बोट?" चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. म्हणाले, "तिला सांगा, मानसाला सांगून झोपवत न्हाईत का? तसाच."

कुवेतमधलं त्यांचं पहिलं झोपवणं मात्र फसलं होतं. ती गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि दरवेळी तेवढ्याच रंगून.

"आमच्याकडं होड्या पावसात झोपतात," ते सुरुवात करत. "वर वडायच्या, शाकारायच्या, आनि त्याआदी लाकडाला मुशीचा त्याल लावायचा. बापान शिकवलेला. हितं आलो, पयलाच हिवाळा. मालक म्हनला, हसन, होडी ठेवायचीय, तयार कर. मी केली."

मासळी बाजारातून त्यांनी मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाची पिशवी भरून आणली. यार्डाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात तेल काढलं आणि होडीला आतून बाहेरून चोळलं. होडी फायबरची होती. फायबरला तेल लागत नाही, लाकूडच ते पितं. हे तेल तसंच वर बसून राहिलं आणि तीन महिने मुरलं.

"मीना अब्दुल्लातली एकूणएक मांजर त्या होडीत व्यायली," रमझी आपल्या मोडक्या हिंदीत मधेच घाले. तो तेव्हा नव्यानंच लागला होता.

"एकूनएक नाय. पाच."

मार्चमध्ये मालक होडी बघायला आला, बायकोला घेऊन. होडीच्या या मालकाला सगळे अबू खालिद म्हणत, खालिदचा बाप. अबू खालिदनं ताडपत्री वर केली, आणि आधी मागं सरला, मग इतका हसला की ट्रेलरच्या चाकावर बसावं लागलं. बायकोनं, म्हणजे उम्म खालिदनं, गाडीच्या काचा वर केल्या त्या खाली केल्याच नाहीत. तो सगळा उन्हाळा ती होडीत बसली नाही. पण अबू खालिदनं त्या दिवसापासून होडीला दुसऱ्या कोणाचा हात लावू दिला नाही. तो म्हणे, एवढं मन लावून वाट लावणारा माणूस मन लावून काम पण करेल.

आणि दरवर्षी मार्चमध्ये उम्म खालिद गाडीतून, काच बंद ठेवून, आतूनच विचारायची, "सिमच?" मासे? चाचा मान हलवत, "ला, ला." नाही, नाही. मग ती बोटभर काच खाली करून हुंगे, आणि मगच दार उघडे. त्यांचं एवढंच बोलणं होई. अनेक वर्षं.

मी यार्डात आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात अबू खालिद वारला. जानेवारीत. होडी झोपलेली होती. मुलगा खालिद बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्याला समुद्राचा कंटाळा. आमच्या ऑफिसात येऊन त्यानं होडी विकायची आहे म्हणून सांगितलं. चाचा दारात उभे होते. त्यांनी कापडाची घडी घातली, मोडली आणि म्हणाले, "आदी उटवतो. झोपलेली होडी विकू नये."

मार्चमध्ये खालिद आला तेव्हा मागच्या सीटवर त्याची आई होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं. काळ्या बुरख्यात ती बसून राहिली, काचा वर. चाचांनी इंजिन सुरू केलं. बराच वेळ ते चालू ठेवलं, जरुरीपेक्षा जास्त. नळीतलं पाणी इंजिनातून फेसाळत वाळूवर सांडत होतं आणि आवाज भिंतीवर आदळून परत येत होता. मग गाडीची काच खाली गेली. बोटभर नाही, सगळी. उम्म खालिद डोळे मिटून ऐकत बसली. नवरा रोज पहाटे तोच आवाज करत समुद्रावर जायचा, आणि घर किनाऱ्याला, दस्मानला, त्यामुळे तो परत आला की तिला आधी आवाजच कळायचा. हे खालिदनं मला सांगितलं, काहीसं वरमून. जाताना तो चाचांना म्हणाला, "इंजिन चालतंय तोवर राहू दे. ज्या मार्चला सुरू होणार नाही, त्या मार्चला विकीन."

ती होडी त्यानंतर पाण्यात गेली नाही. उन्हाळ्यातही आमच्याकडेच राहिली. पण चाचा ती दर डिसेंबरला झोपवत आणि दर मार्चला उठवत, पुढे कुठे जायचंच नाही हे माहीत असून, रीतीतलं काही न गाळता. बूचसुद्धा काढत आणि पुन्हा लावत. रमझी म्हणे, "अरे, ही कधी पाण्याला शिवणार नाही, बूच कशाला?" चाचा म्हणत, "तिला काय माहीत?"

बुचावरून आणखी एक आठवतं. चाचांचा एक नियम होता: ज्यानं झोपवली, त्यानंच उठवायची. हा नियम एका लग्नानं घालून दिला. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न जानेवारीत निघालं. चाचा होड्या झोपवून घाईनं गावाला गेले. इकडे एका गिऱ्हाइकाला थंडीतल्या एका उबदार शुक्रवारी होडीची लहर आली. रमझीनं उठवली आणि उतारावरून पाण्यात सोडली. ती शांतपणे भरायला लागली. गिऱ्हाईक पायापासून वर ओलं होत असताना रमझीनं चाचांना फोन लावला. "हसन, बूच कुठाय?" चाचा तेव्हा मांडवात, नवरदेवाच्या वडीलधाऱ्यांसमोर. त्यांनी नव्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि पितळी बूच बाहेर काढलं. विमानानं समुद्र ओलांडून ते लग्नाला आलं होतं. व्याह्यांना वाटलं, काही देणं-घेणं असेल, म्हणून एकानं ते हातात घेऊन कौतुकानं बघितलंसुद्धा.

"झोपवताना काय काढलान, काय कुटं ठेवलान, ता त्यालाच म्हाईत," चाचा म्हणत. "दुसऱ्यान उटवली तर बुडनार." त्यानंतर ते हिवाळ्यात कधी घरी गेले नाहीत. भाऊ वारला तेव्हाही नाही. बायको फोनवर चिडे. तिचा आवाज यार्डभर ऐकू येई, "तुमी तिकडंच होड्यांशी निका लावा." चाचा फोन कानापासून लांब धरून म्हणत, "आगो, त्या निजल्यात. हळू बोल."

मागच्या नोव्हेंबरात ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी आले आणि पुस्तकाबद्दल काही बोलले नाहीत. डब्यातला भात तसाच होता. म्हणाले, "पोटात गाठ हाय. डॉक्टर म्हनतो, घरी जा."

मी विचारलं, "मग कधी निघताय?"

"मार्चात."

"चाचा, डॉक्टर आत्ता म्हणतोय ना?"

"त्याची होडी हाय का हितं?" ते म्हणाले. "अबू खालिदची उटवायची हाय. ती न्हाई उटली तर पोरगा विकील. म्हातारी कुटं जाईल ऐकायला?"

सगळ्यांनी समजावलं. रमझीनं तर सांगितलं, मी उठवीन, तुझ्यासारखीच. चाचांनी नुसता सदऱ्याचा खिसा चाचपला. बूच आठवून रमझीनंच विषय सोडला. त्या हिवाळ्यात ते होड्या झोपवत राहिले, पण बसून. उलट्या केलेल्या क्रेटवर बसायचे, आणि क्रेट सरकवत पुढच्या होडीकडे जायचे. कांदा सोडलाच होता. आता बाकीचंही जेवण सुटत चाललं होतं. टोपीखाली चेहरा लहान होत होता. मी बिलं करत होते. फोन घेत होते. खिडकीतून क्रेट घासल्याचा आवाज आला की वर बघायचं नाही, अशी मी स्वतःला सवय लावली.

अबू खालिदची होडी त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतली. दुपारची वेळ होती, धुकं नुकतंच निवळलं होतं. त्यांनी हाक मारली, "मास्तरीणबाई, हिकडं या. बुक ठेवा."

मी गेले. त्यांच्या हाताची थरथर मला दिसत होती, म्हणून बोलावलं असेल असं वाटलं. त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. "सगळी वता. सावकाश." मी ओतली. रमझीनं कॅन उचलून धरला, मी नरसाळं धरलं, आणि टाकी भरली. "इतं थांबा. थोडी जागा ठेवा, पेट्रोल उन्हान फुगता." मी नळी जोडली. किल्ली मीच फिरवली. तेलाचा फवारा मारताना त्यांनी माझं बोट धरून कुठे दाबायचं ते दाखवलं. मग खाली वाकून बूच काढलं तेही मीच. पँटला चिखल लागला. बाटली भरली. चिंधी फुलाफुलांच्या चादरीची होती.

"मला इंजिनातलं काय कळतंय, चाचा?" मी म्हटलं.

"कळायला कशाला पायजे? ध्यानात ऱ्हायला पायजे. तुमी बुकं वाचताव, तुमच्या ध्यानात ऱ्हाता." त्यांनी मला सगळं पुन्हा तोंडानं म्हणायला लावलं, शाळेत मी मुलांना लावत असे तसं. एक गाळलं तर बोट वर केलं. "आनि मार्चात आदी धूर येल. पांढरा. भिऊ नका, त्यालाचा असतो."

मग म्हणाले, "आता तिला सांगा."

"काय सांगू?"

"झोप म्हनून."

मला जमेना. रमझी बघत होता. होडीशी बोलायचं म्हणजे कसं, ते मला माझ्याच अंगात सापडेना. चाचांनी थोडी वाट बघितली. मग क्रेटवरून उठले, पुढच्या टोकाशी गेले आणि दोनदा बोटं वाजवली.

"झोप. मार्चात..." ते थांबले. "मार्चात येल कोनतरी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते कापडाची घडी घालत होते.

जानेवारी त्यांनी काढला. फेब्रुवारीत एका सकाळी ते क्रेटवरून उठू शकले नाहीत. रमझीनं आणि मी त्यांना ऑफिसात आणून बसवलं. त्यांच्या पुतण्याला फोन केला, तो फहाहीलला एका दुकानात कामाला आहे. तिकीट त्याच दिवशी काढलं. चाचांनी वाद घातला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायला हवं होतं. मला काही वाटलं नाही. मी पासपोर्टची प्रत काढली, विमा काढला, पाणी दिलं.

माझ्या टेबलाच्या खणाकडे बोट करून ते म्हणाले, "बूच हाय ना?"

"आहे."

"तुमीच झोपवलीय ती. म्हंजे तुमीच उटवायची." आणि मग, थट्टेच्या आवाजात, "गावाला घेऊन जाव नका."

तेव्हा मला डिसेंबरची ती दुपार कळली. हात थरथरत होते म्हणून त्यांनी मला बोलावलं नव्हतं. निदान या होडीपुरता तरी नियम मोडायचा नव्हता आणि आपण मार्चला नसू हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती होडी मुळात झोपवलीच नव्हती. माझ्याकडून झोपवून घेतली होती.

मार्च लागायच्या आधी पुतण्याचा मेसेज आला. गावी, घरीच गेले. खाडीच्या वरच्या कबरस्तानात दफन केलं. रमझी बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्या महिन्याची बिलं पूर्ण केली. संध्याकाळी अबू हलीफा भागातल्या माझ्या घरी आले, स्वयंपाक केला. कोशिंबिरीत कांदा घातला नाही. नवऱ्यानं ताटाकडे बघितलं आणि जेवायला सुरुवात केली. त्यानंतर मी कच्चा कांदा खाल्ला नाही, मार्चपर्यंत. परफ्यूमही लावलं नाही. हे का करतेय ते मला सांगता आलं नसतं, कारण पेट्रोल हुंगून मला काय कळणार होतं?

काही कळलं नाही. खालिद येणार त्या सकाळी मी फुलांच्या चिंधीची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. पेट्रोलचा वास आला, बस. चांगला की आंबलेला, ते सांगणारं माणूस नव्हतं. ताज्या पेट्रोलशेजारी धरून बघितलं, रंग जरासा गडद वाटला. जरासा म्हणजे किती चालतो, हे मी विचारून ठेवलं नव्हतं.

खालिदची गाडी आली. मागच्या सीटवर उम्म खालिद, काचा वर. खालिद उतरला, मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्याला ऑफिसात मी माहीत होते, होडीजवळ वाकलेली बघून तो गोंधळला. रमझी पाण्याची नळी धरून उभा होता. मी मनातल्या मनात पाठ म्हटलं आणि एकेक केलं. बूच. बॅटरी. नळी. पाणी सोड, रमझी. मग किल्ली.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

खालिदनं रमझीकडे बघितलं. रमझीनं जमिनीकडे. गाडीची काच हलली नव्हती. खालिद म्हणाला, हळू आवाजात, "असू दे, मॅडम. जुनं झालंय."

मी पुन्हा फिरवली. यावेळी ते बंद पडलं नाही, पण मागून पांढरा धूर उसळला, इतका की रमझी दिसेनासा झाला. खालिद हात हलवत मागे सरला, "बंद करा, जळतंय, बंद करा." मी किल्लीवरचा हात काढला नाही. आधी धूर येल, पांढरा. तो येत राहिला, मग विरळ झाला, मग इंजिनाचा आवाज घट्ट, सारखा लागला आणि पाणी वाळूवर सांडायला लागलं.

काच खाली गेली.

मी इंजिन चालू ठेवलं. किती वेळ ठेवायचं हे माझ्या पाठात नव्हतं, पण ते मी बघितलेलं होतं. उम्म खालिद डोळे मिटून बसली होती. मग तिनं डोळे उघडले, होडीकडे बघितलं, माझ्याकडे, रमझीकडे, पुन्हा होडीच्या मागच्या बाजूला.

"हसन वेन?" तिनं विचारलं. हसन कुठाय?

माझं अरबी बिलांपुरतं आहे. पण शब्द कमी होते म्हणून मी अडले नाही.

"हिंद," मी म्हटलं. भारतात.

तिनं मान डोलावली. म्हातारी माणसं सुट्टीवर जातात, तसं काही तिला वाटलं असावं. ती पुढे वाकली, खिडकीतून चेहरा बाहेर काढला आणि खोल श्वास घेतला.

"आला की सांग त्याला," ती म्हणाली, "वास येत नाही."

मी सांगते म्हटलं. खालिदनं मला विचारलं, पुढच्या डिसेंबरला कोण झोपवणार? मी म्हटलं, मी. बाकीच्या होड्या रमझीनं उठवल्या, प्रत्येकीचं बूच दोनदा तपासून.

हे एवढंच मला लिहायचं होतं, पण एक राहिलं. फेब्रुवारीतला तो दिवस. पुतण्या गाडी घेऊन आला होता, सामान मागे ठेवलं होतं, चाचांना पुढच्या सीटवर बसवून पट्टासुद्धा लावला होता. मी आणि रमझी फाटकाशी उभे होतो. वारा सुटला होता. फाटकाजवळच्या ओळीत एका होडीच्या ताडपत्रीची दोरी सुटली होती आणि ताडपत्री फडफडत होती. आम्हाला तो आवाज ऐकू येत नव्हता, म्हणजे येत असणार, पण लक्ष नव्हतं. चाचांनी पट्टा काढला. दार उघडलं आणि उतरले. पुतण्या "चाचा, चाचा" करत मागे धावला. ते गाडीला, मग ट्रेलरला धरत त्या होडीपाशी गेले, दोरी पकडली आणि गाठ मारायला लागले. एकदा मारली, सुटली. पुन्हा मारली. बोटांना ती बसेना. मग त्यांनी गाठ मारायचं सोडून दिलं आणि दोरी मनगटाला एक वेढा देऊन नुसती ओढून धरली. फडफड थांबली. ते तसेच उभे राहिले, टोपी कानांवर, आमच्याकडे पाठ करून, कोणीतरी येईपर्यंत.